मशीन डब्यात असताना

वॉटर पार्कला जायचं ठरलं की आमच्या कॉलनीतल्या बायका आधी माझ्याकडे येतात. मी घरी शिवणकाम करते. एरवी शाळेचे गणवेश, ब्लाउज, फॉल-पिको, आणि उन्हाळा लागला की नायलॉनचे पोहायचे कपडे. तिथे सुती सलवार, साडी, जीन्स काही चालत नाही. गेटवरच अडवतात, आणि मग तिथले भाड्याचे कपडे घालावे लागतात. ते सकाळपासून किती जणांच्या अंगाला लागून आलेले असतात, कोणास ठाऊक.

मापं घेता घेता मी सल्ले देते, कोणी मागितले नाहीत तरी. रविवारी जाऊ नका. गेट उघडायच्या आधी पोचा आणि आत शिरल्यावर आधी शेवटच्या टोकाला जा, कारण सगळं जग पहिल्याच घसरगुंडीपाशी घुटमळत असतं. सोनं घरी ठेवा. लॉकरची किल्ली पाण्यात न उतरणाऱ्या माणसाकडे द्या. पोरांना निळं कापड घेऊ नका गं, पाण्यात निळं पोरगं दिसत नाही. नारिंगी घ्या, पोपटी घ्या, डोळ्यात खुपेल असं घ्या. बायका हसतात. म्हणतात, एवढं ठाऊक आहे म्हणजे तू दरवर्षी जात असशील. मी टेप गुंडाळते आणि सांगते, एकदाच गेले. त्या एका दिवसात जेवढी घाबरले, तेवढी बाळंतपणात घाबरले नव्हते.

माझ्या मुलीला जन्मापासून ऐकू येत नाही. लहानपणीच तिचं ऑपरेशन झालं. कातडीखाली एक भाग बसवला, आणि बाहेरून कानामागे एक मशीन. मशीनची वायर जाते एका चकतीला, आणि ती चकती लोहचुंबकाने डोक्याला चिकटते. मशीन लावलं की तिला ऐकू येतं. आता तर फोनवर मावशीशी गप्पा हाणते. मशीन काढलं की काहीच नाही. कमी ऐकू येतं असं नाही, काहीच येत नाही. शेजारी ट्रकचा हॉर्न वाजला तरी ती वळून बघायची नाही.

ऑपरेशन झालं म्हणजे अर्धंच झालं. पुढे बोलायला शिकवायचं असतं. स्पीचवाल्या बाईंनी आम्हाला सुरुवातीलाच बजावलं, हातवारे बंद. हाताने दाखवून भागतंय म्हटल्यावर लेकरू कानाला कष्ट कशाला देईल? पाणी हवं असेल तर तिने 'पाणी' म्हणायला हवं. आणि तुम्ही बोलताना तोंडावर हात धरा, म्हणजे ती ओठ बघणार नाही, कानानेच ऐकेल. मी ते काळ्या दगडावरची रेघ मानलं. भर उन्हाळ्यात पोर माठाकडे बोट दाखवून रडतेय आणि मी तोंडासमोर हात धरून विचारतेय, "काय हवं? बोल. काय हवं?" सासूबाई म्हणायच्या, "अगं, काळीज हाय का धोंडा?" तिला 'र' येत नव्हता, तर चमच्याच्या दांड्याने तिची जीभ वर धरून बसायचे, तिच्या लाळेने माझी मनगटं भिजायची. घरात कोणी तिला हाताने 'ये' म्हणालं तरी माझं तोंड सुटायचं.

पण त्याच मुलीने गेल्या जयंतीला विहारासमोरच्या स्टेजवर माईक हातात धरून भाषण केलं. एक शब्द अडखळली नाही. कॉलनीतली म्हातारी माणसं उठून उभी राहिली. त्या दिवसासाठी मी पुन्हा एकदा धोंडा व्हायला तयार आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून कोणीतरी मला शहाणपण शिकवायला येईलच.

आणि घरात दुसरा एक नियम होता. 'बहिरी' हा शब्द उंबऱ्याच्या आत काढायचा नाही. ती मशीनवर ऐकते, बोलते, पाढे म्हणते. मग बहिरी कशी? तिच्या दोन वेण्या मी कानांवरून घालायचे, चकती दिसणार नाही अशा. शाळेत बाईंना माहीत, बाकी कोणाला सांगायची गरज काय?

चौथीची परीक्षा संपली आणि ती म्हणाली, "आई, मला मशीन काढून पाण्यात जायचंय. सगळ्या मुली जाऊन आल्या." दरवर्षी मी नाही म्हणत आले होते. पाण्याने मशीन जातं हे एक. दुसरं म्हणजे प्लॅस्टिकच्या घसरगुंडीवर अंग घासलं की वीज तयार होते आणि तिने मशीन बिघडू शकतं. बागेतल्या साध्या घसरगुंडीवरसुद्धा मी ते काढून घ्यायचे. नवं घ्यायचं म्हटलं तर आमची ऐपत नाही, हे तिलाही माहीत आहे. पण या वेळी तिने एवढं स्वच्छ वाक्य बोलून दाखवलं, 'र'सुद्धा गोल, की मी कशी नाही म्हणणार? स्वतःच पढवलेल्या पोपटाने मला पकडलं.

मग मी तयारीला लागले. मंत्र्याच्या दौऱ्याची नसेल एवढी तयारी. मशीन कोरडं ठेवायचा डबा, त्यावर झिपची पिशवी, त्यावर दुसरी पिशवी, जास्तीच्या बॅटऱ्या. रेनकोटच्या कापडाची एक थैली शिवली, गळ्यात अडकवायची. लॉकरवर माझा विश्वास नव्हता. मुलीसाठी भडक नारिंगी पोशाख शिवला. एवढं सगळं मशीनसाठी केलं. आणि ते मशीन डब्यात गेल्यावर पोरीशी बोलायचं कसं, हा विचार मला शिवलासुद्धा नाही. घरी मशीन निघायचं ते आंघोळीला आणि झोपताना. त्याआधी जे सांगायचं ते सांगून घ्यायचं, की झालं. दिवसभर ते डब्यात राहणार म्हणजे काय, हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

आम्ही चौघं निघालो. मी, मुलगी, हे आणि सासूबाई. हे म्हणजे माझे मिस्टर, सातपूरच्या एका कारखान्यात पॉवर प्रेसवर आहेत. तिथे दिवसभर पत्रा कापणाऱ्या प्रेसची धडधड, त्यामुळे घरीही ओरडूनच बोलतात आणि टीव्हीचा आवाज सगळ्या गल्लीला ऐकवतात. सासूबाई चांदवडकडच्या. त्यांना पाण्यात काडीचा रस नव्हता, पण नातीला एकट्या माझ्या भरवशावर सोडायची त्यांची तयारी नव्हती.

गेटवर पिशव्या तपासत होते. घरचं खाणं आत न्यायचं नाही, असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं. सासूबाईंनी टॉवेलाच्या घडीत बाजरीच्या भाकरी आणि ठेचा घातला होता. तिथल्या माणसाने टॉवेल उचलला, तर तो ठेच्याचाच वास मारत होता.

"अरे बाबा, मला साखरेची बिमारी हाय," सासूबाई म्हणाल्या. "भाकरीशिवाय गोळी घेता येत नाय."

त्याने बिचाऱ्याने सोडलं. साखर! ह्या बाईला दिवसातून चार वेळा गुळाचा चहा लागतो. पण खरोखर साखर असलेल्यांना डबा नेऊ देतात, एवढं त्यातून मला कळलं, आणि तेही मी आता बायकांना सांगते.

त्याच माणसाने पुढे विचारलं, "आणखी कोणाला काही आजार, त्रास? असेल तर सांगून ठेवा. घसरगुंड्यांवरच्या आमच्या मुलांना कळवतो."

ह्यांनी तोंड उघडलं. मी त्यांच्या दंडाला असा चिमटा काढला की ते उघडलेलं तोंड तसंच मिटलं.

"कोणाला काही नाही," मी म्हणाले.

आत गेल्यावर हे पुटपुटले, "सांगायला काय हरकत होती?"

"आजार आहे का तिला? तुम्ही बरोबर आहात ना? तिचा हात सोडू नका म्हणजे झालं."

कपडे बदलायच्या खोलीत मी तिला समोर उभी केली आणि सवयीने तोंडावर हात धरून सगळं सांगितलं. बाबांचा हात सोडायचा नाही. छातीच्या वर पाणी नको. उंच घसरगुंडी नको. ती 'हो, हो, हो' म्हणत एका पायावर नाचत होती. मग मी चकती काढली. मशीन काढलं की तिच्या चेहऱ्यावरचं काहीतरी हलायचं थांबतं, ते मला कधीच बघवत नाही. मी डबा बंद केला, थैली गळ्यात घातली. ती पाण्याकडे पळाली. मी मागून हाक मारली. ती थांबली नाही, आणि कशी थांबणार होती?

सकाळभर मी रेलिंगला धरून उभी होते. बाकीच्या बायका छत्रीखाली बसून वेफर्स खात होत्या, आणि माझा जीव टांगणीला. गाणी अशी मोठ्याने लावलेली की पोटात धपधप व्हावं. कोणी ट्यूबवरून येताना ओरडतं, "ए बाजूला हो!" सगळी पोरं बाजूला होतात, नारिंगी एक तिथेच उभी. दणका बसतो, ती आपटते, उठते, हसते. लाटांच्या तळ्यात भोंगा वाजतो, लाटा यायच्या आधी सगळे काठाला सरकतात. ती मधोमध, भोंग्याकडे पाठ करून पाणी उडवतेय. दर वेळी हे पोचायचे, तिला दंडाला धरून ओढायचे. दर वेळी मला वाटायचं, आता नाही पोचणार. मी रेलिंगवरून तिच्या नावाने ओरडत होते, माझा घसा बसला.

"कोणाला हाका मारतीस?" सासूबाई भाकरी मोडत म्हणाल्या. "तिला ऐकू येतंय का?"

"मला ऐकू येतंय ना!" मी खेकसले. त्यांनी अर्धी भाकरी माझ्या हातात कोंबली.

दुपार झाली. फरशी एवढी तापली की लोक उड्या मारत चालत होते. (चप्पल काढून ठेवायच्या जागेपासून पाण्यापर्यंत ओला टॉवेल टाका, हा आणखी एक सल्ला.) मी म्हणाले, झालं आता, निघू. तेवढ्यात हे आले, पोर मागे. तिने पिवळ्या नळीकडे बोट केलं होतं. तिथली सगळ्यात उंच घसरगुंडी. लोखंडी जिना चढून वर जायचं, बंद नळीच्या तोंडाशी बसायचं, आत अंधारात गरगर फिरून खालच्या तळ्यात पडायचं.

"नाही," मी म्हणाले.

"एकदाच," हे म्हणाले. "मी तिला वर सोडून येतो आणि खाली तळ्यात उभा राहतो. मी हात वर केला की ती सुटेल. तिला सांगितलंय मी."

कसं सांगितलं, हे मी विचारायला हवं होतं. पण माझं लक्ष दुसरीकडे होतं. "आणि वरच्या माणसाने काही सांगितलं तर?"

"तेच म्हणतो. त्याला सांगून ठेवतो की हिला—"

"काही सांगू नका."

मग त्यांनी खांदे उडवले आणि तिला घेऊन जिन्याकडे गेले. थोड्या वेळाने एकटेच खाली आले, तळ्यात कमरेएवढ्या पाण्यात जाऊन उभे राहिले आणि वर बघू लागले. मीही वर बघत होते. रांग पुढे सरकत होती. वर दोन तोंडं होती, एक पिवळ्या नळीचं आणि पलीकडे दुसऱ्या उघड्या घसरगुंडीचं, आणि दोन्हींना मिळून एकच पोरगा, पिवळ्या टी-शर्टातला, गळ्यात शिट्टी. एक जाडसर बाई पिवळ्या नळीत बसली आणि आत गेली. तिच्या मागे माझी मुलगी. ती बसली, दोन्ही हात कडेला टेकवले आणि मान वाकवून खाली बापाकडे बघू लागली.

आणि गाणी बंद पडली.

लाईट गेली होती. एवढा वेळ ढोल वाजत होते ते एकदम थांबले, तशी सगळ्या पार्कात माणसांनी माना वर केल्या. कोणीतरी "होऽऽ" केलं. पंप थांबले. पिवळ्या नळीच्या तोंडातून तळ्यात पडणारी धार बारीक होत होत थेंबावर आली. आणि ती जाडसर बाई बाहेर आली नव्हती.

मला ते कळायला वेळ लागला. पाणी नाही म्हणजे ती आत अडकली. अंधारात, वळणावर कुठेतरी बसलीय. आणि आता वरून जो सुटेल तो ओल्या प्लॅस्टिकवरून थेट तिच्यावर जाऊन आदळेल.

वरच्या पोरग्याने शिट्टी फुंकली. "थांबा! कोणी बसू नका! थांबा!" तो पलीकडच्या तोंडाशी होता, दोन दांडगे तिथे आधीच सुटायच्या बेतात होते, त्यांना त्याने हातांनी अडवून धरलं होतं. सगळे थांबले. सगळ्या पार्कात शिट्टी ऐकू न आलेलं एकच माणूस होतं, आणि ते नळीच्या तोंडाशी बसलं होतं. तिच्या दृष्टीने काही झालंच नव्हतं. गाणी तिच्यासाठी आधीही नव्हती. मांडीखालचं पाणी कमी झालं असेल, एवढंच. मागे रांगेत रेटारेटी झाली आणि कोणाचा तरी गुडघा तिच्या पाठीला लागला. तिला वाटलं, जा म्हणतायत. तिने बूड पुढे सरकवलं. पाय नळीत गेले.

मी ओरडले. काय ओरडले ते मला माहीत नाही. तिचं नाव, थांब, नको, आई गं, सगळं एकदम. गळ्यातल्या थैलीत तिचे कान होते, दोन पिशव्यांत बांधून, एकदम कोरडे, सुरक्षित. मी ती थैली मुठीत आवळून ओरडत होते.

तेव्हा ह्यांनी दोन्ही हात डोक्यावर नेले, मुठी वळल्या आणि मनगटांची फुली केली. एकदाच. झटक्यात.

ती जागच्या जागी थिजली. हात कडेला घट्ट. अंग अर्धं आत.

मग ह्यांनी दोन तळवे समोर धरून मागे ढकलल्यासारखे केले. ती मागे सरकायला गेली, घसरली, तिने पुन्हा कडा धरल्या. ह्यांनी एक मूठ वर उचलून दाखवली, मग दुसरी, वर, वर. तिने मान वर केली. नळीच्या तोंडावर एक आडवा दांडा होता. तिने एका हाताने तो पकडला, मग दुसऱ्या. आणि मग, मी शपथेवर सांगते, तिने त्यातला एक हात सोडला आणि बोटं हलवून काहीतरी विचारलं.

ती "का?" विचारत होती. एवढ्या उंचावर, कोरड्या नळीच्या तोंडाशी लटकून माझी पोर बापाशी हुज्जत घालत होती. आणि हे तिला उत्तर देत होते! डाव्या हाताची गोल नळी केली, उजव्या हाताचं बोट तिच्यात घातलं, बोट अडकलं. तिने मान डोलावली. कळलं. पुन्हा दोन्ही हातांनी दांडा धरला. तोवर तो शिट्टीवाला धावत आला, तिच्या काखेत हात घातले आणि तिला बाहेर ओढलं.

जनरेटर सुरू झाला. गाणी पुन्हा वाजू लागली, नळीतून पाणी धबाधबा आलं, आणि त्या पाण्याबरोबर ती जाडसर बाई खाली तळ्यात येऊन पडली. उठली, केस मागे सारले आणि खदखदून हसत कोणाला तरी म्हणाली, "अगं, आत मस्त गार होतं, बसले आपली!" तिला काय माहीत, तिच्या पाठीत कोण येऊन बसणार होतं.

हे जिन्याच्या पायथ्याशी गेले होते. पोर एकेक पायरी बघत उतरली. मी धावत पोचले, तिला कवटाळलं, तिचं डोकं, हात, पाय चाचपले. मग थैली उघडली, डबा काढला आणि चकती तिच्या ओल्या केसांना लावायला गेले. मला तिच्याशी बोलायचं होतं. दुसरं काही सुचत नव्हतं.

ह्यांनी माझा हात पकडला. "अगं, वेडी झालीस का? पाणी ठिबकतंय डोक्यातून! मशीन जाईल!"

"जाऊ दे मशीन!"

आयुष्यात पहिल्यांदा मी ते वाक्य बोलले असेन. माझं मलाच ते ऐकून रडू फुटलं, आणि रडू फुटलं की मी भांडते, तो माझा स्वभावच आहे. "आणि ते काय चाललं होतं हातांनी? कधीपासून? मी इकडे वर्षानुवर्षं घसा फोडतेय, हात बांधून घेतलेत मी माझे, आणि तुम्ही माझ्यामागे..."

"कारखान्यात काय तोंडाने बोलतो का आम्ही?" हे म्हणाले. "प्रेस चालू असताना शेजारच्याचं ऐकू येत नाही. बंद कर, मागे हो, उचल, सगळं हातानेच. तेच हिला शिकवलं. बाकीचं तिनेच बनवलं."

"पण कधी?"

त्यांनी मान खाली घातली. "दुसऱ्या पाळीवरून येतो तेव्हा. तू दमून झोपलेली असतेस. ही जागी असते, वाट बघत. मशीन डब्यात. मग काय, दोघं भिंतीकडे बघत बसू?"

मी सासूबाईंकडे वळले. निदान एक माणूस माझ्या बाजूचं असावं असं वाटत होतं. त्यांनी पदराने तोंड पुसलं. "मला ठाऊक हाय ना. मिश्रीची डबी मागायची तर मी काय ओरडत बसू? हिला एवढंसं दाखवलं की आणून देती." आणि त्यांनी दाताशी बोट फिरवून दाखवलं.

म्हणजे घरात सगळे बोलत होते. मशीन डब्यात असताना घरात सगळे आपापसात बोलत होते, एक मी सोडून. माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या. राग आला, लाज वाटली, आणि हे उपकारच झाले असंही वाटलं, सगळं एकाच वेळी. काय करावं कळेना म्हणून मी टॉवेलने तिचं डोकं खसाखसा पुसायला लागले.

ती टॉवेलाखालून माझ्या तोंडाकडे बघत होती. मी अजून बोलतच होते, पण तिला ओठ कुठे वाचता येतात? ते मीच तिला शिकू दिलं नव्हतं. तिने बापाकडे पाहिलं, कानामागे दोन बोटांनी टकटक केलं आणि डोळ्यांखालून गालावर बोट ओढलं.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"काही नाही."

"काय म्हणते ते सांगा मला!"

"का रडतेय म्हणून विचारते."

"कोण?"

ह्यांनी कानामागे तसंच दोन बोटांनी टकटक केलं. "हे म्हणजे तू. आई."

रोज सकाळी उठल्या उठल्या मी तिच्या कानामागे दोन बोटं वाजवून बघते, मशीन नीट बसलं का, चालू झालं का. मी हाक मारते त्याच्याही आधी. त्यांच्या भाषेत माझं नाव ते होतं. मी खाली त्या तापलेल्या फरशीवरच बसले. सासूबाईंनी पाठीवरून हात फिरवला आणि पहिल्यांदाच मला काही टोचून बोलल्या नाहीत. बाहेर पडण्याआधी हे शिट्टीवाल्याकडे गेले आणि त्याला सांगितलं, माझ्या मुलीला ऐकू येत नाही, ते तुला आधी सांगायला हवं होतं. मी त्यांच्या शेजारी उभी होते. पोरगा घाबरून पांढरा पडला होता. या वेळी मी चिमटा काढला नाही.

परतीच्या बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. ती माझ्या शेजारी, पुढच्या बाकावर हे आणि सासूबाई, दोघंही पेंगत. ऊन उतरलं होतं. खिडकीच्या वाऱ्याने तिचे केस वाळले, मी बोटं घालून मुळाशी तपासले, कोरडे ठणठणीत. मी डबा काढला. झाकण उघडलेलं पाहिलं आणि तिने रोजच्या सवयीने मान तिरकी करून डोकं माझ्यासमोर धरलं.

मी डबा मांडीवर ठेवला. इकडेतिकडे पाहिलं, आणि दोन्ही मुठी वळून मनगटांची फुली केली. थांब. मला तेवढी एकच खूण येत होती.

तिची मान तिरकीच राहिली. तिने आधी माझ्या हातांकडे पाहिलं, मग पुढच्या बाकावर बापाकडे, त्यांनी काही सांगितलं का बघायला. ते झोपले होते. मग ती हसली. मशीन नसताना ती फार मोठ्याने हसते, तिला तिचाच आवाज कळत नाही, आणि एरवी मी लगेच 'हळू, हळू' करून तिला गप्प करते. सगळी बस मागे वळून बघत होती. बघू दे.

मी डब्याचं झाकण लावलं. तिने मला शिकवायला घेतलं. बस. झाड. भूक. आजी, म्हणजे दाताशी बोट. माझी बोटं दिवसभर सुईत दोरा ओवतात, पण तिच्या खुणा काही त्यांना जमेनात. तिने माझं मनगट धरलं आणि माझी बोटं एकेक करून वाकवली, चुकलं की पुन्हा उलगडून पुन्हा वाकवली, अगदी न कंटाळता. चमच्याच्या दांड्याने मी तिची जीभ अशीच धरून बसायचे.

मी प्रत्येक खुणेबरोबर तोंडाने शब्द म्हणत होते, मोठ्याने, स्पष्ट. बस. झाड. भूक. इतक्या वर्षांची सवय. मग तिने हात उचलला, आपला तळवा माझ्या तोंडावर ठेवला आणि नकारार्थी मान हलवली.

मी गप्प झाले. तिने तळवा तसाच ठेवला आणि दुसऱ्या हाताने पुढची खूण दाखवली.